पाळण्यावरून उठलेला माणूस

निंबाला हाक मारली तर तो पहिल्या हाकेला ओ देत नसे. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसऱ्यांदा कुणी नाव घेतलं की मग सावकाश मान वळवून म्हणायचा, "काय म्हणता?" सुरतेच्या डिंडोलीतल्या आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोपऱ्यावर लारी, म्हणजे हातगाडी, लावणारा चहावाला छगन तर मुद्दाम लागोपाठ ओरडायचा, "निंबा! निंबा! निंबा! ले, त्रण थई गया, हवे बोल!" आणि चहा प्यायला थांबलेले कामगार हसायचे.

ही खोड त्याच्या आईनं लावलेली. तिन्हीसांजेला कुणी नाव घेऊन बोलावलं तर लगेच ओ देऊ नये. माणूस असेल तर तो पुन्हा हाक मारतो, दुसरं काही असेल तर त्याच्यात तिसऱ्या हाकेचं बळ नसतं, असं ती सांगायची. आधीची मुलं जगली नव्हती म्हणून त्याचं नावही तिनं निंबा ठेवलेलं, मरणाला कडू लागावा म्हणून. धुळ्याकडचं हे घर आजोबांपासून ख्रिस्ती होतं, पण तेवढी शिकवण बाप्तिस्म्याच्या पाण्यानं धुतली गेली नव्हती. मी त्याला यावरून बोलायची. तो हसायचा. "टीचरबाई, देवावर विश्वास आहेच माझा. पण हाक कुणाची आहे ते तरी कळू द्या आधी."

फक्त एका हाकेला ओ द्यायला तो कधी थांबला नाही. त्याची बायको कलाबाई नवऱ्याचं नाव घेत नसे. त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे ती मुलीच्या नावानं त्याला बोलावायची. "ओ जयश्रीना बाप!" एवढं दारातून ऐकू आलं की निंबा हातातला कप तसाच लारीवर ठेवून उठायचा. छगन मागून टोमणा मारायचा, "जुओ, मोटा साहेबनो फोन आव्यो!" निंबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचा आणि घराकडे चालू लागायचा.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं याच्यावर आहे.

निंबा एका यंत्रमागाच्या कारखान्यात नव्या बीमाच्या, म्हणजे सूत गुंडाळलेल्या रुळाच्या, तारा जुन्या तारांना जोडायचं काम करायचा. पाठीचा कणा वाकवून, मांडीवर दिव्याचा उजेड घेऊन, एकेक टोक उचलायचं आणि गाठ मारायची. बोलणं कमी. रविवारी दुपारी माझ्या खोलीत आम्ही काही मराठी ख्रिस्ती माणसं जमायचो. गावातल्या चर्चची उपासना गुजरातीत, आणि आमच्यातल्या बायकांना ती नीट समजत नसे, म्हणून माझ्या यजमानांनी हा परिपाठ सुरू केला होता. ते गेल्यावर मी चालू ठेवला. कॅथलिक कोण, प्रोटेस्टंट कोण, हे डिंडोलीत विचारणं परवडण्यासारखं नव्हतं. निंबा शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसायचा. त्याचा आवाज गाण्यात जाड आणि थोडा बेसूर लागायचा, पण सगळ्यांचा आवाज त्याच्यावर उभा राहायचा.

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला. त्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे. मला आठवतं ते आवाज नसणं. आमच्या भागात मागांचा खडखडाट रात्रंदिवस चाले. तो कानात इतका मुरलेला, की असल्याचं जाणवायचं नाही. तो एका दिवसात थांबला. माणसं ट्रकात, रेल्वेत, जे मिळेल त्यात बसून गावाकडे पळाली. गल्लीत भर दुपारी कुत्र्याच्या नखांचा आवाज ऐकू येऊ लागला.

कलाबाई त्या आठवड्यात गेली. तिला कावीळ होती, पुष्कळ दिवसांची. प्लेगचा आणि तिचा काही संबंध नव्हता, पण त्या दिवसांत कोण कशानं मेलं हे विचारायला कुणी थांबत नव्हतं. ती पहाटे गेली. जयश्री तेव्हा लहान होती. तिला मी माझ्या खोलीत बसवलं आणि निंबाच्या घरी गेले. कलाबाईला आंघोळ घातली, हनुवटी जुन्या लुगड्याच्या पट्टीनं बांधली. पोलक्याची बटणं लावताना तिची बोटं मध्ये येत होती, ती मी बाजूला केली. हे इतकं तपशीलवार लिहिते आहे, कारण पुढे याचा प्रश्न आला. कलाबाई गेलेली होती, यात शंका नाही. मी स्वतः तिचं सगळं केलं.

दुपारी निंबा दारात उभा होता. न्यायला माणसं नव्हती. रविवारच्या प्रार्थनेचे लोक निघून गेले होते. जे उरले होते त्यांची दारं बंद होती. तेवढ्यात नवागामच्या बाजूनं काही माणसं एक तिरडी खांद्यावर घेऊन आली. तोंडाला पांढरी फडकी. ते खांदेकरी बंधू मंडळाचे लोक होते.

या मंडळाचं नाव आमच्या भागात सगळे आदरानं घ्यायचे. गावापासून तुटलेल्या कामगारांनी ते काढलेलं. परक्या मुलखात मेलं तर चार खांदे मिळावेत, एवढाच त्याचा उद्देश, असं बाहेर सांगितलं जायचं. प्लेगमध्ये सगळं शहर पळालं, हे लोक पळाले नाहीत. हे मी मुद्दाम लिहिते. त्यांच्या धैर्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही.

निंबा रस्त्यात उतरला, हात जोडले. "दादा, हे झालं की इकडे या. माझी बायको आहे आत."

पुढच्या खांद्यावर शालिग्राम होता, निंबाच्याच कारखान्यातला मुकादम. तो थांबला नाही. दुसऱ्या कुणीतरी विचारलं, "मंडळात आहे का तुमचं कोणी?"

"नाही."

ते पुढे गेले. मी आतून खिडकीतून पाहत होते. दारावरून जाताना शालिग्रामनं एकदा घराकडे पाहिलं, दचकल्यासारखं पाहिलं आणि मान झटकन समोर वळवली.

छगन गावी पळताना लारी निंबाच्या दारात साखळीला बांधून गेला होता. तिच्यावर आम्ही कलाबाईला ठेवलं. निंबा ढकलत होता, मी एका बाजूनं हात लावून चालत होते, कारण एक चाक डगमगायचं. फादर शहराच्या दुसऱ्या टोकाला आजाऱ्यांत अडकलेले. कबरस्तानात खड्डा निंबानंच खणला आणि प्रार्थना मी म्हटली. छगन परत आला तेव्हा निंबानं त्याला सगळं सांगितलं. छगन लारीकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "कोईने कहेतो नहीं, निंबा. मारो धंधो बंध थई जशे." दुसऱ्या दिवसापासून त्याच लारीवर चहा उकळू लागला. पण पहिला कप तो रोज न सांगता निंबाच्या दारात नेऊन ठेवायचा.

त्यानंतर निंबाच्या मनात एकच गोष्ट राहिली. प्रार्थना संपली की तो मागे रेंगाळायचा. "टीचरबाई, आपण ढकलत नेलं तिला. भाजीसारखं."

मग त्याला खोकला लागला. मागांतली रुई बरीच वर्षं छातीत गेलेली. डॉक्टर स्पष्ट बोलले नाहीत, पण त्याला समजलं. आपल्या पाठीमागे जयश्रीचं काय, आणि आपल्याला कोण उचलणार, हे दोन प्रश्न घेऊन तो फिरू लागला. आणि नेमक्या त्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं शालिग्रामकडे होती.

शालिग्राम मोठ्या हाडाचा, हळू बोलणारा माणूस. कारखान्यात निंबाजवळ बसून तो म्हणाला, "तू आमच्यात ये. तुझी पोर ती मंडळाची पोर. लग्नापर्यंत सगळं बघू. आणि तुला चौघं नेतील, आठ नेतील. लारीवर जायची पाळी यायची नाही."

शेवटचं वाक्य निंबाला लागलं असणार. लारीचं शालिग्रामला कसं कळलं, हे त्यानं विचारलं नाही.

एका अवसेला दुपारी त्यांनी त्याला जेवायला बोलावलं. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. मी तांदूळ निवडत होते. तो उंबऱ्यातच बसला.

"कसं होतं जेवण?" मी विचारलं.

"जेवण चांगलं होतं. डाळबट्टी, वांग्याची भाजी." मग म्हणाला, "माणसांपेक्षा ताटं जास्त होती."

बंद पडलेल्या एका कारखान्याच्या माळ्यावर मंडळाची खोली होती. भिंतीवर बांबूची एक तिरडी टांगलेली, वापरून वापरून गुळगुळीत झालेली. तिला ते पाळणा म्हणतात. जेवायच्या आधी शालिग्रामनं एकेकाचं नाव घेतलं, जिवंताचं आणि मेलेल्याचंही. जिवंत माणूस आपल्या नावाला "आहे" म्हणे. मेलेल्याचं नाव आलं की त्याच्या रिकाम्या ताटाशेजारचा माणूस "आहे" म्हणे. पण आपल्या आवाजात नाही.

"म्हणजे?"

"मेलेला जसा बोलायचा तसा. घोगरा असेल तर घोगरा. एक जण तोतरा होता म्हणे, तर त्याच्या शेजारचा तोतरा बोलला." निंबानं हाताची बोटं गुडघ्यावर दाबून धरली. "कोणी हसलं नाही, टीचरबाई. आणि मग सगळ्या ताटांत वाढलं."

मी तांदळाचं सूप खाली ठेवलं. "तुला मंडळात कसं घेणार आहेत?"

"पाळण्यावर झोपायचं. वरून चादर. तीनदा नाव घेऊन हाक मारतात. ओ द्यायचा नाही. तीन हाका गेल्या की आपल्यातला आधीचा माणूस मेला. मग शपथ सांगतात."

"शपथ काय आहे?"

"ते नंतर सांगतात."

"बायको-मुलाला सांगता येते? फादरना?"

"नाही. मंडळाच्या वर दुसरं नातं नाही, एवढं आधीच सांगितलंय."

मी लहानपणी नाशकाला सिस्टरांच्या शाळेत होते. तिथे आम्हा मुलींची एक संस्था होती. निळी फीत गळ्यात घालून आम्हीही वेदीपुढे वचन दिलं होतं. तेव्हा संघटनेत शिरणं हेच पाप, असं मी त्याला सांगू शकत नव्हते, आणि तसं मला वाटतही नाही. माणसाला माणसं लागतात. पण आमचं वचन आठवडाभर आधी आमच्या हातात लिहून दिलं होतं. ते घरी नेऊन मी आईला वाचून दाखवलं. आई फीत घालायच्या दिवशी मागच्या बाकावर बसून पाहत होती. आमच्या प्रभूनं जे शिकवलं ते रस्त्यात आणि देवळात, सगळ्यांच्या देखत शिकवलं. कानात सांगायची आणि उशाशी लपवायची गोष्ट त्याच्यात नव्हती. हे मी निंबाला सांगितलं.

तो ऐकून घेत होता. मग मान वर न करता म्हणाला, "त्या दिवशी तुमच्या प्रार्थनेतलं कोण आलं होतं, टीचरबाई?"

मी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. आपला माणूस अशा मंडळाच्या दाराशी जातो तेव्हा त्याला शास्त्रवचनं ऐकवण्याच्या आधी आपण हा प्रश्न ऐकला पाहिजे, असं मला वाटतं.

फादरांकडे मी त्याला घेऊन गेले. फादर गोव्याचे, मराठी मोडकं. त्यांनी मंडळाला वाईट म्हटलं नाही. कलाबाईसाठी आपण आलो नाही, याबद्दल त्यांनी निंबाची क्षमा मागितली. मग म्हणाले, "एक काम कर. शपथ आधी वाचायला माग. चांगली असेल तर उजेडात दाखवायला त्यांना काय भीती? आणि एक विचार कर. जे आधीच दुसऱ्याचं आहे ते तुला देता येतं का?"

"माझ्याकडे आहे काय देण्यासारखं, फादर?"

"तू," फादर म्हणाले.

निंबानं शालिग्रामकडे शपथ मागितली. छगनच्या लारीजवळच हे बोलणं झालं, म्हणून मला छगनकडून जसंच्या तसं कळलं.

शालिग्राम म्हणाला, "आधी आडवा हो, मग सांगतो."

"आधी सांग ना भाऊ, मग आडवा होतो."

"निंबा, मेल्यावर कोणी विचारतं का, कुठे नेताय म्हणून?"

छगन कप विसळत म्हणाला, "पण ए तो हजी जीवे छे ने, शालिग्रामभाई!" शालिग्राम हसला नाही.

एवढं झाल्यावरही निंबा गेला. मला राग आला होता, पण आता समजतं. त्याच आठवड्यात त्याला रक्ताची गुळणी झाली होती आणि जयश्रीनं ती पाहिली होती. शहाण्णवच्या फेब्रुवारीतला तो सुट्टीचा दिवस. माग बंद होते. जायच्या आधी तो जयश्रीला माझ्याकडे सोडून गेला. "परत आलो की सांगीन. आणि सांगता नाही आलं तर समजा," एवढंच म्हणाला.

जयश्रीनं विचारलं, "आजी, पप्पा कुठे चाललेत?" मी तिला भाजी चिरायला दिली.

तिथे काय झालं ते त्यानं मला त्याच संध्याकाळी सांगितलं. शपथ घेतलेली नसल्यामुळे तो सांगायला मोकळा होता.

खोलीची खिडकी उघडी होती. बाहेर लख्ख ऊन. पाळणा भिंतीवरून काढून खाली ठेवलेला. त्याला त्याच्यावर निजवलं, हात छातीवर ठेवले, अंगावरून तोंडावरून चादर ओढली. चादर कोरी नव्हती. तिला माणसांचा वास येत होता, पुष्कळ माणसांचा. मग चौघांनी पाळणा खांद्यावर घेतला आणि खोलीत फिरू लागले. पायांचा आवाज नाही; चपला बाहेर काढलेल्या. निंबा म्हणाला, "खरं सांगतो टीचरबाई, मला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी अंग हलकं झालं. छातीतली घरघर थांबली. वाटलं, असंच राहावं."

पहिली हाक आली. "निंबा!" शालिग्रामचा आवाज. निंबा गप्प. त्याला कठीण काय होतं? जन्मभर तो पहिल्या हाकेला गप्पच राहिलेला.

दुसरी हाक. "निंबा!" त्याच आवाजात. तो गप्प. चादरीखाली आता थंड वाटू लागलं. आपले पाय आहेत की नाहीत हे कळेना. त्याला आईचं आठवलं, की दुसरं काही असेल तर त्याच्यात तिसऱ्या हाकेचं बळ नसतं. आणि मग त्याच्या मनात आलं, पण ही तर माणसं आहेत. तिसरी हाक येईल, आणि तिलाही ओ द्यायचा नाही, असं मी कबूल केलं आहे.

पाळणा थांबला. सगळे वाट पाहत होते.

"ओ जयश्रीना बाप!"

"ओ!" म्हणून निंबा उठून बसला.

त्यानं विचार केला नाही. ती हाक ऐकून तो कधीच विचार करत नसे. चादर तोंडावरून घसरली, पाळणा कलला, एकाच्या खांद्यावरून बांबू निसटला आणि निंबा कोपरावर पडला. उठून पाहतो तर सगळी माणसं भिंतीला लागलेली. शालिग्रामचं तोंड उघडं होतं, तिसऱ्या हाकेसाठी उघडलेलं, आणि तसंच राहिलेलं.

"कोण बोललं?" निंबानं विचारलं.

कोणी बोललं नाही. खोलीत बाईमाणूस नव्हतं. खाली रस्ता मोकळा होता.

मग शालिग्राम म्हणाला, "तू ओ दिलास. जा आता."

माझ्या खोलीत बसून हे सांगताना निंबा थरथरत नव्हता. कोपराला खरचटलं होतं, ते जयश्री ओल्या फडक्यानं पुसत होती. मी विचारलं, "आवाज कलाबाईचा होता का?"

तो मुलीकडे पाहत राहिला. "ज्याला हाक मारायची होती त्यानं मारली. आवाज कुणाचा वापरला ते मी काय सांगू?" मग म्हणाला, "मी निंबा म्हणून गेलो होतो तिथे, टीचरबाई. निंबा द्यायला मला काही वाटलं नव्हतं. पण जयश्रीचा बाप कसा देऊ? तो माझा नाही ना."

मेलेली माणसं हाका मारत नाहीत, अशी माझी श्रद्धा आहे. देव मात्र कुणाच्याही तोंडून बोलावू शकतो, अशीही आहे. या दोन वाक्यांच्या मध्ये मी त्या दिवसापासून उभी आहे.

त्यानंतर मंडळानं त्याच्याशी भांडण केलं नाही. ते केलं असतं तर सोपं झालं असतं. त्यांच्या लेखी निंबा दोन हाका मेलेला होता. कारखान्यात त्यांच्यापैकी कोणी त्याच्याशी बोलेना, पण रागानंही पाहीना. ते त्याच्यातून पलीकडे पाहत, जसं आपण रिकाम्या जागेतून पाहतो. पुढे पुढे ज्यांचा मंडळाशी संबंध नव्हता तेही कचरू लागले. कुणी त्याला हाकच मारेना. एकटा छगन तीनदा ओरडायचा, आणि आता कोणी हसत नसे.

अवसेच्या दुपारी निंबा काम टाकून माझ्याकडे यायचा. "तिकडे माझं ताट मांडलं असेल," म्हणायचा. पहिल्यांदा मी त्याला वेड्यात काढलं. मग एकदा माझ्यासमोर बोलता बोलता तो गप्प झाला. मान थोडी कलती. काही क्षणांनी पुन्हा तसंच. मी काही ऐकलं नव्हतं. मी विचारलं, "काय झालं?"

"हाक मारताहेत."

"मग?"

"मग काही नाही. मी ओ देतच नाही पहिल्यांदा," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसलो. आईनं लावलेल्या खोडीला मी त्या दिवसापासून नावं ठेवणं सोडलं. पण हसणं ओसरल्यावर आम्ही गुडघे टेकले. आपण कुणाचे आहोत एवढंच मोठ्यानं म्हटलं.

निंबा नव्याण्णवच्या जानेवारीत गेला, दिवसा, स्वतःच्या घरात. जयश्री तोपर्यंत साड्यांना टिकल्या लावायचं काम शिकली होती. उशाशी बसून काम करत होती. शेवटी त्यानं तिला पाणी मागितलं आणि मग म्हणाला, "चारजण मिळतील ना गं?" तिला वाटलं, वातात बोलतो आहे. मला ठाऊक होतं, तो अगदी शुद्धीत होता. पाळण्यावरून उठल्याची किंमत त्याला आधीपासून माहीत होती, आणि ती आता आम्हाला मोजायची होती.

कामाचा दिवस. माग चालू, माणसं पाळीवर. फादर आले. शवपेटी आली. पेटी उचलायला छगन आला. प्रार्थनेतला तरुण योगराज पाळी सोडून आला. जयश्री म्हणाली, मी घेते. तिला कोणी अडवलं नाही. तीन खांदे झाले. फादरांना त्या वयात झेपणारं नव्हतं, मला तर नव्हतंच. मी गल्लीत प्रत्येक दारी गेले. "टीचरबाई, नंतर येतो कबरस्तानात," असं एकानं म्हटलं. एकीनं नवरा घरात असताना नाही म्हणून सांगितलं. समोर पानाच्या टपरीजवळ मंडळाचे लोक उभे होते. बघत नव्हते. पलीकडे पाहत होते.

छगन लारीकडे गेला, वरचा स्टोव्ह, बरण्या खाली उतरवू लागला. हळूच मला म्हणाला, "टीचरबेन, लारी तो छे ज." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

जयश्री पेटीचा कोपरा धरून म्हणाली, "लारीवर नाही."

"बेटा—"

"छगनकाका, लारीवर नाही. आई गेल्यापासून पप्पा तेच म्हणत होते."

मी तेव्हा मोठ्यानं प्रार्थना केली नाही. मनातही शब्द नव्हते. मी फक्त पेटीच्या रिकाम्या कोपऱ्यापाशी जाऊन उभी राहिले, कारण तिथे कुणीतरी उभं असायला हवं होतं.

टपरीपासून एक माणूस निघाला. रस्ता ओलांडून सावकाश आला. शालिग्राम. मागून कुणीतरी त्याला नावानं बोलावलं, पुन्हा बोलावलं. त्यानं मागे पाहिलं नाही. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बाजूला व्हा, बाई." आणि खांदा दिला.

पेटी उचलली तेव्हा टपरीजवळच्या सगळ्यांनी एकदम तोंडं फिरवली.

कबरस्तानात माती टाकून झाल्यावर तो माझ्याजवळ थांबला. मी त्याचे आभार मानले. त्यानं मान हलवली. मग विचारलं, "प्लेगच्या वेळी त्या दिवशी यांच्या घरात कोण बाई होती?"

"मी होते."

"आम्ही दारावरून गेलो तेव्हा तुम्ही हाक मारलीत?"

"नाही."

"आतून बाईचा आवाज आला. 'ओ जयश्रीना बाप', असं दोनदा. मला वाटलं, बाई जिवंत आहे. मला थांबायचं होतं. पण खांद्यावर माणूस असताना मंडळाचा माणूस परक्या हाकेला थांबत नाही. तशी शपथ आहे." त्यानं हातावरची माती झाडली. "पाळण्याजवळ तोच आवाज आला. निंबानं ऐकला. मीही ऐकला. बाकीच्यांनी नाही ऐकला. त्यांना वाटतं निंबा घाबरून उठला."

"तुम्ही तेव्हा का नाही बोललात?"

"सांगितलं ना, शपथ आहे." मग तो म्हणाला, "आता माझंही ताट मांडतील."

मी त्याला फादरांचं नाव सांगितलं. रविवारची प्रार्थना किती वाजता असते ते सांगितलं. आलंच पाहिजे असं म्हटलं नाही. तो कबरीकडे पाहत उभा होता. फाटकाबाहेरून जयश्रीनं त्याला बोलावलं, "काका, चला, चहा घ्या." पहिल्याच हाकेला तो वळला.